पाळी उशिरा येत असेल तर गर्भधारणेची तयारी कशी करावी: एका ताईंच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

ताई, तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला समजले ते असे. तुमचे वय ३० वर्षे, उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ६८ किलो आहे. पाळी ३८ ते ४५ दिवसांनी येते. गेले दहा महिने तुम्ही बाळासाठी प्रयत्न करीत आहात. पती चाकणला कंपनीत नोकरीला असल्यामुळे मोबाइलमधील अॅप ‘चौदावा दिवस महत्त्वाचा’ असे दाखवते त्यानुसार ते रजा काढून पाळीच्या अकराव्या ते सोळाव्या दिवसांत गावी येतात, आणि एरवी महिन्यातून एखादाच शनिवार-रविवार एकत्र मिळतो. एका तपासणीत एएमएच (अंडाशयातील बीजांचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ७.२ आला आणि ‘पीसीओडी आहे’, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडाने बीजाची वाढ अडते आणि पाळी लांबते, एवढेच सांगितले गेले. पतींची कोणतीही तपासणी झालेली नाही. घरातून टेस्ट ट्यूब बेबीचा आग्रह सुरू झाला आहे, आणि तुम्ही विचारता आहात की प्रजननक्षमता वाढण्यासाठी काय खावे आणि ऑनलाइन मिळणारी पावडर सुरू करावी का.

खाण्याविषयी मी पुढे लिहिणारच आहे. परंतु तुमची खरी अडचण ताटात नसून दिनदर्शिकेत असावी, असे मला तुमच्या वर्णनावरून वाटते. तुम्ही ज्या दहा महिन्यांना प्रयत्नांचे महिने म्हणता, त्यांपैकी बहुतेक महिन्यांत योग्य दिवशी संबंध आलेच नसण्याची शक्यता फार मोठी आहे. ‘दहा महिने झाले तरी दिवस राहिले नाहीत, म्हणजे माझ्यात मोठा दोष आहे’ हा निष्कर्ष म्हणूनच अजून काढता येत नाही. अर्थात मी तुम्हाला तपासलेले नाही. थायरॉईड कसा आहे, गर्भनलिका मोकळ्या आहेत का, पतींच्या वीर्यतपासणीत काय दिसते, यांवर पुढचे बरेच काही अवलंबून राहील. तरीही कोणत्या क्रमाने विचार करावा, हे सांगता येते.

प्रथम दिवसांचे गणित पाहू. स्त्रीबीज अंडाशयातून बाहेर पडते ते पुढची पाळी येण्याच्या साधारण १४ दिवस आधी. चौदावा दिवस हा नियम २८ दिवसांची पाळी असलेल्या स्त्रीला लागू पडतो, कारण तिच्या बाबतीत पुढून मोजले काय आणि मागून मोजले काय, उत्तर एकच येते. तुमची पाळी ३८ दिवसांनी येते त्या महिन्यात बीज सुमारे चोविसाव्या दिवशी फुटत असेल, आणि ४५ दिवसांनी येते त्या महिन्यात सुमारे एकतिसाव्या दिवशी. स्त्रीबीज फुटल्यानंतर ते जेमतेम १२ ते २४ तास फलनक्षम राहते. शुक्रजंतू मात्र गर्भाशयमुखातील अनुकूल स्रावात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून गर्भधारणेला अनुकूल असे सहाच दिवस असतात: बीज फुटण्याचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. तुमच्या बाबतीत हा काळ लवकरात लवकर एकोणिसाव्या दिवसाच्या आसपास सुरू होऊ शकतो आणि उशिरात उशिरा एकतिसाव्या दिवसाच्या सुमारास संपू शकतो. तुमचे पती सोळाव्या दिवशी चाकणला परततात. त्या दिवसाचे शुक्रजंतू एकविसाव्या दिवसापर्यंत टिकले तरी बीज अजून यायचेच असते.

त्यामुळे पहिला बदल हा की रजा पुढे ढकलावी. अठराव्या ते एकतिसाव्या दिवसापर्यंत दर दोन-तीन दिवसांनी संबंध येतील अशी सोय करावी. एवढी सलग रजा मिळणे कठीण असते हे मी जाणतो, कारण कंपनीत शिफ्टमध्ये काम करणारी अनेक जोडपी याच कारणाने माझ्याकडे येतात. शक्य असेल तर या दोन आठवड्यांत तुम्हीच चाकणला जाऊन राहिलात तर प्रश्न सोपा होईल. तेही शक्य नसेल तर शरीराची खूण ओळखायला शिकावे. बीज फुटण्याच्या आधीच्या दिवसांत योनीतील स्राव पारदर्शक, निसरडा आणि अंड्याच्या कच्च्या पांढऱ्या भागासारखा ताणला जाणारा होतो. असा स्राव दिसू लागला की ते दिवस सोडू नयेत. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या, बीज फुटण्याची वेळ दाखवणाऱ्या ओव्ह्युलेशन पट्ट्या नियमित पाळी असणाऱ्यांना उपयोगी पडतात, पण पट्टी मोजते ते एलएच हे संप्रेरक पीसीओडीमध्ये मुळातच वाढलेले असू शकते आणि पट्टी खोटा होकार देऊ शकते. म्हणून तुमच्यासाठी त्यांवर पूर्ण विसंबू नये.

संबंधानंतर कंबरेखाली उशी घेऊन तासभर पडून राहणे, त्या दिवशी घरकाम टाळणे, या गोष्टींनी शक्यता वाढत नाही. कोरडेपणासाठी तेल किंवा जेल वापरत असाल तर ते मात्र थांबवावे, कारण त्यांतील अनेक पदार्थ शुक्रजंतूंच्या हालचालीला बाधक ठरतात.

आता प्रश्न येतो की बीज खरोखर फुटते तरी का. पाळी ३८ ते ४५ दिवसांनी का होईना, पण येते, म्हणजे काही महिन्यांत बीज फुटत असावे. प्रत्येक महिन्यात फुटते असे मात्र म्हणता येत नाही. याची खात्री दोन प्रकारे होते. एक म्हणजे सोनोग्राफीने बीजाची वाढ पाहणे, ज्याला सगळेच ‘फॉलिक्युलर स्टडी’ म्हणतात. दुसरी म्हणजे रक्तातील प्रोजेस्टेरॉन, म्हणजे बीज फुटल्यावर वाढणारे संप्रेरक, तपासणे. ही तपासणी अनेकदा डोळे झाकून ‘एकविसाव्या दिवशी’ लिहून दिली जाते. तुमच्यासारख्या स्त्रीमध्ये एकविसाव्या दिवशी बीज फुटलेलेच नसते, मग प्रोजेस्टेरॉन कमी येते आणि विनाकारण घाबरवणारा अहवाल हातात पडतो. ही तपासणी अपेक्षित पाळीच्या सुमारे सात दिवस आधी करायची असते, आणि तारीख निश्चित नसल्यास आठवड्याच्या अंतराने पुन्हा करावी लागते.

एएमएचच्या आकड्याविषयी तुम्ही काळजी व्यक्त केली आहे. हा आकडा अंडाशयातील लहान बीजपुटकांच्या संख्येचा अंदाज देतो. पीसीओडीमध्ये ही पुटके जास्त असल्यामुळे तो वाढलेला दिसतो. नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही, हे या आकड्यावरून ठरत नाही. शिवाय केवळ एएमएच किंवा केवळ सोनोग्राफी पाहून पीसीओडीचे निदान करू नये. पाळीतील अनियमितता, पुरुषी संप्रेरकांच्या वाढीची लक्षणे किंवा रक्तातील पुरावा, आणि अंडाशयाचे विशिष्ट स्वरूप किंवा वाढलेला एएमएच, या तिहींपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात, आणि थायरॉईडचे व प्रोलॅक्टिन या दूधनिर्मितीच्या संप्रेरकाचे विकार नाहीत याची आधी खात्री करावी लागते. या दोन्ही तपासण्या झाल्याचे तुमच्या प्रश्नात दिसत नाही, त्या करून घ्याव्यात.

वजनाविषयी लिहिताना मला नेहमी जपून लिहावेसे वाटते, कारण या विषयात स्त्रियांना बोलणी फार खावी लागतात. तुमचा बीएमआय सुमारे २८ आहे, आणि भारतीयांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन व २५ च्या पुढे स्थूलता धरतात. पीसीओडीत शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नाही. वाढलेले इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके अधिक तयार करायला लावते आणि बीजाची वाढ मध्येच अडते. वजन पाच ते दहा टक्के घटले, म्हणजे तुमच्या बाबतीत साडेतीन ते सात किलो, तरी अनेक स्त्रियांमध्ये बीज आपोआप फुटू लागते. आदर्श वजन गाठेपर्यंत थांबण्याची मुळीच गरज नाही.

जीवनशैलीतील बदलांनी पुरेसा फरक पडला नाही तर बीज फुटण्यासाठी पहिली पसंती लेट्रोझोल या गोळीला दिली जाते. तिच्याविषयी अजूनही भीती आढळते, कारण भारतात २०११ मध्ये वंध्यत्वाच्या उपचारासाठी तिच्या वापरावर बंदी आली होती. ती बंदी २०१७ मध्ये उठली. पीसीओडी असलेल्या ७५० स्त्रियांवर अमेरिकेत झालेला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत महत्त्वाचा आहे. त्यात जास्तीत जास्त पाच चक्रांच्या उपचारानंतर लेट्रोझोलच्या गटातील २७.५ टक्के स्त्रियांना मूल झाले, तर क्लोमिफेन या त्याच कामाच्या जुन्या गोळीच्या गटातील १९.१ टक्के स्त्रियांना. मात्र मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून ही गोळी दुकानातून आणू नये. गर्भधारणा आधीच झालेली नाही याची खात्री करूनच ती सुरू करायची असते. एकापेक्षा अधिक बीजे वाढली तर जुळ्यांची शक्यता वाढते, म्हणून किमान सुरुवातीच्या चक्रात सोनोग्राफीची देखरेख असावी.

यापुढचा भाग तुमच्या पतींना वाचायला द्यावा, अशी माझी विनंती आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये पुरुषाकडील कारणाचा वाटा असतो, मग ते एकटेच असो वा स्त्रीकडील कारणाबरोबर. तरीही आपल्याकडे पत्नीच्या सोनोग्राफ्या, रक्ततपासण्या आणि कधी कधी दुर्बिणीची शस्त्रक्रियासुद्धा होऊन जाते, आणि पतीची साधी वीर्यतपासणी शेवटपर्यंत राहून जाते. हे मला अन्यायाचे वाटते, आणि वैद्यकीयदृष्ट्याही ते चुकीचे आहे. वीर्यतपासणीत सुई नाही, वेदना नाही, आणि बाकीच्या तपासण्यांच्या मानाने खर्चही कमी आहे. पुरुषत्वाशी तिचा काहीही संबंध नाही. शरीरसंबंध उत्तम असलेल्या माणसातही शुक्रजंतू कमी असू शकतात. तपासणीपूर्वी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन टाळावे आणि नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रजंतू आणि एकूण हालचाल ४२ टक्के या खालच्या संदर्भमर्यादा आहेत. आकडा याहून थोडा कमी आला म्हणजे मूल होणारच नाही असे नव्हे, आणि एका अहवालावर निर्णयही घेऊ नये. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. मागच्या दोन-तीन महिन्यांत मोठा ताप येऊन गेला असेल तरी आकडा घसरतो, म्हणून बिघाड दिसल्यास तपासणी काही काळाने पुन्हा करावी.

हेच ७४ दिवस सुधारणेलाही लागू आहेत. तंबाखू, गुटखा, सिगारेट आणि जास्त मद्य आज थांबवले तर त्याचा परिणाम दिसायला तीन महिने द्यावे लागतात. भट्टीजवळ किंवा अति उष्णतेत काम असेल तर ते डॉक्टरांना सांगावे. व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची किंवा स्टेरॉइडची इंजेक्शने घेतली जात असतील तर ती गोष्ट लपवू नये. पुरुष संप्रेरक बाहेरून मिळाले की वृषणातील शुक्रजंतूंची निर्मिती मंदावते आणि कधी पूर्ण थांबते. पुरुषांसाठी झिंक आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सर्रास विकल्या जातात. अमेरिकेत दोन हजारांहून अधिक जोडप्यांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्या गोळ्यांमुळे वीर्याची गुणवत्ता सुधारली नाही आणि मूल होण्याचे प्रमाणही वाढले नाही.

येथवर गर्भधारणा व्हावी कशी, हे झाले. गर्भधारणा निरोगी व्हावी यासाठीची तयारी वेगळी आहे, आणि ती दिवस राहिल्यावर सुरू करून भागत नाही. याचे सर्वांत ठळक उदाहरण फॉलिक ॲसिडचे. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतात, ती नलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते. तुमच्या बाबतीत बीज अठ्ठाविसाव्या दिवशी फुटले असे धरले, तर ही नलिका पाळीपासून मोजलेल्या छप्पन्नाव्या दिवशी बंद होईल. ४५ दिवसांपर्यंत पाळी न येणे तुम्हाला नेहमीचेच वाटते, त्यामुळे शंका येऊन, तपासणी करून गोळी सुरू होईपर्यंत हा काळ जवळजवळ संपलेला असेल. म्हणून ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड रोज आजपासूनच सुरू करावे आणि गर्भाचे बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावे. आधीच्या बाळात मणक्याचा दोष असणे, मधुमेह असणे किंवा फिटची औषधे चालू असणे, अशा परिस्थितीत मोठी मात्रा लागते, ती डॉक्टरांनी ठरवावी.

याबरोबर हिमोग्लोबिन, रक्तगट, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतील सरासरी साखर), टीएसएच (थायरॉईडची तपासणी), तसेच एचआयव्ही, कावीळ-बी आणि सिफिलिसच्या तपासण्या कराव्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, त्यामुळे ‘मला थकवा येत नाही, म्हणजे रक्त चांगले असणार’ असे गृहीत धरू नये. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर लोहाची भरपाई आत्ताच करावी, कारण गर्भारपणात उलट्या सुरू झाल्यावर लोहाच्या गोळ्या पोटात टिकणे अवघड जाते. पीसीओडीत मधुमेहाचा धोका वाढलेला असतो, आणि पहिल्या आठवड्यांत साखर वाढलेली राहिली तर बाळाच्या हृदयात व मज्जासंस्थेत दोष येऊ शकतात. एचबीए१सी ६.५ च्या पुढे असल्यास आधी साखर आटोक्यात आणावी आणि मगच प्रयत्न सुरू करावेत.

एक तपासणी मी प्रत्येक जोडप्याला सुचवतो आणि ती बहुतेकांना नवी असते. एचपीएलसी या रक्ततपासणीने थॅलेसेमिया व सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारांची वाहकता तपासता येते. वाहक व्यक्तीला स्वतःला काहीच त्रास नसतो, पण पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. थॅलेसेमियाची वाहकता सिंधी, लोहाणा, कच्छी यांसारख्या समाजांत अधिक आढळते. सिकलसेल विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत अधिक दिसतो. मामाच्या किंवा आत्याच्या मुला-मुलीशी लग्न झाले असेल तर ही तपासणी टाळूच नये.

लहानपणी रुबेलाची लस घेतल्याची नोंद नसेल तर आता घ्यावी आणि त्यानंतर एक महिना गर्भधारणा टाळावी. गर्भारपणात ही लस देता येत नाही. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन, फिटसाठी व्हॅल्प्रोएट, रक्तदाबासाठी काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर त्या गर्भाला घातक ठरू शकतात. त्या मनाने बंद न करता आधी डॉक्टरांशी बोलून बदलून घ्याव्यात. आपल्या भागात बायका दातांना मिश्री लावतात आणि तिला तंबाखू समजत नाहीत. मिश्री तंबाखूच आहे, आणि ती आत्ताच सोडावी.

आता तुमचा मूळ प्रश्न. प्रजननक्षमता वाढवणारा एखादा विशिष्ट पदार्थ नाही. मात्र इन्सुलिनवरचा ताण कमी करणारा आहार तुमच्या बाबतीत खरोखर उपयोगी आहे. ताटातील भात आणि चपाती निम्म्यावर आणून डाळ, उसळ, दही, अंडी किंवा मासे यांचा भाग वाढवावा. ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी चालेल, पण तीही मोजकीच. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा यांनी साखर झपाट्याने चढते. उपवास करायचाच असेल तर शेंगदाणे, दही, राजगिरा आणि फळे यांवर करावा. चहा जेवणाबरोबर घेऊ नये, कारण त्याने लोहाचे शोषण घटते. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास ते वाढते. पूर्ण शाकाहारी असाल तर बी-१२ तपासून घ्यावे. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालावे आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा.

त्या पावडरीविषयी माझे मत स्पष्ट आहे: घेऊ नये. घटकांची मात्रा नीट लिहिलेली नसलेली कोणतीही पावडर, आणि धातूंची भस्मे असलेले कोणतेही औषध, या काळात धोक्याचे आहे, कारण अशा काही औषधांत शिसे आढळले आहे आणि शिसे आईकडून गर्भापर्यंत पोहोचते. कोणी ‘मुलगाच होईल’ असे सांगून औषध देत असेल तर त्याला घरात थारा देऊ नये. लिंगनिवड गर्भधारणेपूर्वीही कायद्याने गुन्हा आहे.

टेस्ट ट्यूबचा विचार आज करण्याचे कारण मला दिसत नाही. ३५ वर्षांच्या आतील, नियमित पाळीच्या जोडप्याने वर्षभर प्रयत्न करून मग तपासणीला यावे, असा संकेत आहे. पस्तिशीनंतर तो सहा महिन्यांचा होतो. तुमची पाळी अनियमित असल्यामुळे तुम्ही वर्ष पूर्ण होण्याची वाट न पाहता तपासण्या आत्ताच कराव्यात, पण तपासण्या लवकर करणे आणि टेस्ट ट्यूब लवकर करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीर्यतपासणी ठीक असेल आणि गोळीने बीज फुटूनही तीन-चार चक्रांत दिवस राहिले नाहीत, तर गर्भनलिकांची एक्स-रे तपासणी, म्हणजे एचएसजी, करावी. पूर्वी क्षयरोग, ओटीपोटात जंतुसंसर्ग किंवा अपेंडिक्सचे फुटणे असे काही झाले असेल तर मात्र ती सुरुवातीलाच करावी. आपल्याकडे जननेंद्रियांचा क्षय कोणतेही लक्षण न दाखवता नलिका बंद करू शकतो. दोन्ही नलिका बंद असतील किंवा शुक्रजंतू फारच कमी असतील, तर टेस्ट ट्यूब हा योग्य उपचार ठरतो आणि तेव्हा त्याला उशीर करू नये.

दिवस राहिले तर काय, हेही आत्ताच सांगून ठेवतो, कारण उशिरा पाळी येणाऱ्या स्त्रियांची त्या टप्प्यावर फसगत होते. शेवटच्या संबंधानंतर २१ दिवसांनी केलेली लघवीची तपासणी विश्वासार्ह असते. होकार आल्यावर आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजले जातात, पण तुमचे बीज उशिरा फुटत असल्यामुळे हा हिशेब दीड-दोन आठवड्यांनी पुढे धावतो. कागदावर सात आठवडे दिसतात, प्रत्यक्षात गर्भ पाच आठवड्यांचा असतो, सोनोग्राफीत ठोके दिसत नाहीत, आणि ‘गर्भ वाढत नाही, पिशवी साफ करा’ असा सल्ला मिळू शकतो. तुमच्या पाळीचे अंतर सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगावे, आणि ठोके दिसले नाहीत व त्रास काही नसेल तर कोणतीही गोळी घेण्यापूर्वी दहा-चौदा दिवसांनी सोनोग्राफी पुन्हा करून घ्यावी. मात्र तपासणीत होकार आल्यानंतर पोटात एका बाजूला तीव्र दुखणे, चक्कर येणे, खांद्यात कळ येणे किंवा रक्तस्राव होणे यांपैकी काही झाले, तर गर्भ नलिकेत अडकल्याची शक्यता असते. तेव्हा दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता, रात्र असली तरी, सोनोग्राफी आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात त्वरित जावे.